चौघांची एक खोली, चोवीस पानांचं कॉमिक: वहीपासून छापखान्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागेत चौघांनी मिळून खोली भाड्यानं घेतली आहे. सगळ्यांच्या स्केचच्या वह्या भरलेल्या आहेत, पण त्यातून कॉमिकचं पान उभं राहत नाही. एकाचा हात जास्त तयार आहे आणि त्याचं बघून बाकी तिघांची चित्रं त्याच्या वळणावर जायला लागली आहेत. दिवाळीला २४ पानांचा, काळ्या-पांढऱ्यातला, ए-फाइव्ह आकाराचा अंक काढायचाय. सुरुवात कुठून करायची, आणि एकमेकांचं काम बघायचं की बघायचंच नाही?

बघायलाच हवं, फक्त तुमची बघायची वेळ चुकतेय. पेन्सिलवर शाई फिरवून झालेलं पान समोर येतं तेव्हा त्यातले सगळे निर्णय होऊन गेलेले असतात आणि बघणाऱ्याच्या हाती लागते ती फक्त रेघेची ढब. तीच मग नकळत उचलली जाते. तेच पान अंगठ्याएवढ्या कच्च्या आराखड्यात असताना, म्हणजे थंबनेलच्या टप्प्यावर बघितलं तर वेगळ्या गोष्टी दिसतात. ही चौकट मोठी का घेतली, माणूस पाठमोरा का ठेवला, मधला प्रसंग गाळला तो कशाच्या भरवशावर? हे उचललं तरी चित्र तुमचंच राहतं. शिवाय थंबनेल खोडायला दोन मिनिटं लागतात, शाईचं पान फाडायला जीव होत नाही.

आधी वह्यांबद्दल. भरलेली वही पानाच्या कामाला येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: त्यात सुटी, देखणी, पूर्ण केलेली चित्रं असतात. चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला, छायाप्रकाश व्यवस्थित, खाली सही. कॉमिकला लागतो तो माल वेगळा. वजन उचलताना पाठ कशी जाते, दार उघडताना कोपर कुठे येतं, एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढलेला माणूस खालून कसा दिसतो. मार्केट यार्डात पोतं पाठीवर घेतलेला हमाल काढायचा तर अर्ध्या मिनिटात काढा. बॉलपेन घ्या, म्हणजे खोडायचा मोह होणार नाही. आधी डोक्यापासून टाचेपर्यंतची एक रेघ, मग पोत्याचा चौकोन, मग पावलं. पोतं आणि माणूस मिळून जो भार होतो तो पावलांच्या मधोमध पडायला हवा. तिथे चूक झाली की कितीही स्नायू रंगवा, माणूस पडतोय असंच वाटतं. अशा दहा रेखाटनांतली सात वाया जातात. जाऊ द्यावीत.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बसलात तर सतारीची नक्षी काढत बसू नका, तिचा फोटो पुरतो. कारागीर जमिनीवर बसलाय, त्यानं भोपळा कशानं धरलाय? पावलांनी, गुडघ्यांनी की मांडीवर? कानस धरलेल्या हाताचा अंगठा वर आहे की बाजूला? हातातलं हत्यार खाली ठेवतो तेव्हा ते कुठे ठेवतो? चार चौकटींत एक माणूस काम करताना दाखवायचा असेल तर या चार गोष्टी लागतात आणि त्या फोटोत हटकून सापडत नाहीत.

जागेचं स्केच करताना त्यावर डोळ्याच्या पातळीची आडवी रेघ मारलीच पाहिजे. ही एक सवय नसल्यामुळे निम्मी स्केचं निरुपयोगी होतात. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे, जवळचे असोत की लांबचे, त्याच रेघेवर येतात. चहाच्या टपरीच्या पायरीवर बसून काढत असाल तर ती रेघ उभ्या माणसांच्या कमरेच्या आसपास जाते. आयर्विन पुलावरून खाली नदीकाठ काढलात तर ती रेघ सगळ्यांच्या डोक्यांच्या खूप वर असते आणि माणसांचे खांदे, टाळू दिसायला हव्यात. नवख्या कॉमिकमध्ये पुलावरून दिसणारा काठ आणि त्यात समोरून काढलेली माणसं अशी सर्रास सरमिसळ असते. वाचकाला नेमकी चूक सांगता येत नाही, पण माणसं कागदातून कापून चिकटवल्यासारखी वाटतात.

फोनच्या फोटोवरून काढणार असाल तर आणखी एक अडचण आहे. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. जवळून घेतलेल्या फोटोत नाक आणि पुढे आलेला हात फुगतो, वाड्याचे खांब कलतात. दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर फोटो घ्या, डोळ्याला दिसतं त्याच्या बरंच जवळ येतं.

ठरलेल्या पात्रांसाठी मात्र वेगळा कागद करा आणि तो भिंतीवर लावा. समोरून, पाऊण वळलेलं, बाजूनं आणि मागून अशी चार डोकी, पूर्ण उंची किती डोक्यांची ते, आणि शेजारी सगळी पात्रं एका रांगेत उंचीप्रमाणे. पदर डाव्या खांद्यावर, घड्याळ कुठल्या हाताला, खिसा कुठल्या बाजूला, हे शब्दांत लिहून ठेवा. मग प्रत्येक पात्र काळ्यानं सपाट भरून बघा. नुसत्या सावलीवरून कोण कोण ते ओळखू आलं नाही तर कपडे बदलण्याआधी शरीराची ठेवण बदला.

आता पानांची रचना. चौघांनी मिळून २४ पानांची एकच गोष्ट करायच्या भानगडीत पहिल्या अंकात पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाचं उशिरा झालं की चौघांचं अडतं, आणि ज्याचा हात तयार त्याच्या शैलीकडे बाकीच्यांना ओढून न्यावंच लागतं. प्रत्येकी सहा पानांची एक गोष्ट करा. हा आकडा सोयीचा आहे: १ ते ६, ७ ते १२, १३ ते १८, १९ ते २४. चारही गोष्टी विषम पानावर, म्हणजे उघडलेल्या अंकाच्या उजव्या बाजूला सुरू होतात. प्रत्येक गोष्टीत वाचक पान उलटतो ते पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या पानानंतर. म्हणून धक्का, उलगडा किंवा मोठं दृश्य दुसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या पानाच्या सुरुवातीला ठेवायचं. तिसऱ्या पानावर ठेवलंत तर दुसरं वाचता वाचताच ते डोळ्याच्या कोपऱ्यात दिसून जातं. मुखपृष्ठाचा चार पानांचा जाड कागद वेगळा धरा. मधल्या पिनेचा अंक चाराच्या पटीतच बांधता येतो, २४ त्यात बसतात.

थंबनेल नेहमी समोरासमोरच्या दोन पानांच्या जोडीनं काढा. एक पान साधारण ५ बाय ७ सेंटिमीटर, जाड पेन्सिल, चेहऱ्यात फक्त नाकाची दिशा. ए-फाइव्ह छपाईत पानावर चार ते पाच चौकटी सुखानं बसतात, सहा झाल्या तर संवाद कमी करावे लागतात. आणि संवाद थंबनेलमध्येच लिहायचे. इथे मराठीत काम करणाऱ्यानं जास्त सावध राहायला हवं, कारण देवनागरीची ओळ उंचीनं जागा खाते. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचं शेपूट. छापील आकारात १० पॉइंटचं अक्षर घेतलं तर ओळींमधलं अंतर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. संवादाच्या एका फुग्यात १५ ते २० शब्द, एका चौकटीत फार तर ३०. ‘विचारल्याशिवाय’ यासारखा लांब शब्द अरुंद लंबगोल फुग्यात बसत नाही आणि तो तोडला तर वाचणारा अडखळतो. फुगा कोपरे गोल केलेल्या चौकोनाच्या बाजूला झुकवा, जागा बरीच वाचते. शब्द तोडण्यापेक्षा वाक्य बदला. लेखक तुम्ही स्वतः आहात किंवा शेजारीच बसलाय, विचारायला वेळ लागत नाही.

ज्याचं बोलणं आधी, त्याला चौकटीत डावीकडे उभं करा. हे थंबनेलमध्ये चुकलं की शाईच्या टप्प्यावर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात आणि त्यावर उपाय नसतो. ‘धप्प’, ‘खळ्ळ’, ‘सुर्र’ असे आवाजही पेन्सिलच्याच टप्प्यावर हातानं काढा. शिरोरेघ वाकवता येते, तोडता येते, भिंतीच्या कडेला टेकवता येते. शेवटी फाँटमधून आणून चिकटवलेला आवाज चित्रावर तरंगतो.

आता खोलीचं आणि शेजाऱ्यांचं. चोवीसच्या चोवीस थंबनेल एका दोरीवर किंवा भिंतीवर रांगेनं लावा. मग प्रत्येकाची सहा पानं बाकी तिघांपैकी एकानं, संवाद झाकून, मोठ्यानं ‘वाचायची’. काय घडतंय असं त्याला वाटतं ते त्यानं सांगायचं. काढणाऱ्यानं त्या वेळात तोंड उघडायचं नाही. जिथे वाचणारा अडखळतो तिथे लाल ठिपका द्यायचा, बस्स. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला ‘भारी’ याखेरीज उत्तर येत नाही. दार कुठल्या बाजूला आहे, मधे किती वेळ गेला, बोलणारा कोणाकडे बघतोय, खोलीत माणसं किती, असे प्रश्न विचारा. उत्तर चुकलं तर दोष चित्राचा. समजावून सांगावं लागतंय म्हणजे पान अजून झालेलं नाही. यातल्या निम्म्या ठिपक्यांचं कारण एकच निघतं: दोघं बोलत असताना कॅमेरा, म्हणजे बघणाऱ्याची जागा, मधेच त्यांच्या पलीकडच्या बाजूला गेलेला असतो, त्यामुळे डावीकडचा माणूस अचानक उजवीकडे येतो.

याच्या जोडीनं आठवड्याला एक सराव करण्यासारखा आहे. अर्ध्या पानाचा एकच मजकूर घ्यायचा, समजा ‘बाई बँकेत जाते, रांग मोठी आहे, तिची वेळ येते तेव्हा जेवणाची सुट्टी होते’. चौघांनी पाठमोरं बसून वीस मिनिटांत त्याचे थंबनेल करायचे आणि मग शेजारी शेजारी ठेवायचे. एकानं रांग वरून दाखवलेली असते, दुसऱ्यानं फक्त पायातल्या चपला, तिसऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ तीन चौकटींत, चौथ्यानं सगळं एकाच आडव्या चौकटीत. ज्याचा हात सगळ्यात तयार, त्याची मांडणी सर्वांत चांगली असतेच असं नाही, हे इथे सगळ्यांना, त्यालाही, कळतं. तुमच्या खोलीत आत्ता हीच गोष्ट व्हायला हवी आहे.

दुसरा सराव शाईचा. एकमेकांच्या पेन्सिलवर शाई करा, पण मूळ पानावर नको. पेन्सिल स्कॅन करून फिक्या निळ्यात, साधारण १५ ते २० टक्के, इंकजेटवर चांगल्या कार्ट्रिज (जाड चित्रकलेच्या) कागदावर छापून घ्या. लेझरचा प्रिंट चालत नाही, टोनर मेणचट असतो आणि त्यावर शाई नीट बसत नाही. इंकजेटची निळी रेघ ओल्या ब्रशखाली पसरते का ते कोपऱ्यात आधी तपासा. दुसऱ्याच्या पेन्सिलवर शाई करताना त्यानं सांगितलेलं किती आणि आपण गृहीत धरलेलं किती याचा हिशोब लागतो. आपली पेन्सिल कुठे गुळमुळीत आहे हेही, दुसरा त्यावर अडला की, समजतं.

एका छताखाली राहून हात सारखे होतातच असं नाही, याला इतिहासात चांगले दाखले आहेत. तोक्योच्या तोशिमा भागातलं तोकिवा-सो हे साधं दुमजली लाकडी घर. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढणारे ओसामु तेझुका १९५३ मध्ये तिथे राहायला आले, पुढच्याच वर्षी गेले, आणि त्यांची खोली फुजिको फुजिओ या जोडीनं घेतली. मग इशिनोमोरी आले, अकात्सुका आले, सगळे मांगाचेच चित्रकार. एकमेकांच्या मुदती सांभाळायला मदत करत होते, तरी अकात्सुकांचा विनोद आणि इशिनोमोरींची मांडणी एकमेकांत मिसळून गेली नाही. ते घर १९८२ मध्ये पाडलं. न्यूयॉर्कमध्ये १९७५ ते १९७९ या काळात राइटसन, कलुटा, विंडसर-स्मिथ आणि जेफ्री कॅथरीन जोन्स या चौघा कॉमिक-चित्रकारांनी मॅनहॅटनमध्ये एक मोठी जागा वाटून घेतली होती. राइटसनची भयकथेची दाट रेघ आणि जोन्सची रंगचित्रासारखी मऊ मांडणी यांत आजही गल्लत होत नाही. याउलट, त्याच दशकात नील ॲडम्स आणि डिक जिओर्डानो यांच्या कंटिन्युइटी स्टुडिओतले अनेक हात मिळून एकाच अंकाला शाई करायचे, तिथे हात मिळतेजुळते होणं हीच गरज होती. तुम्हाला काय हवंय त्यावर खोलीचे नियम ठरवा.

तुमच्या खोलीतल्या सारखेपणाची कारणं बहुधा साधी आहेत. चौघांकडे एकच ब्रशपेन, डिजिटलमध्ये एकच ब्रशचा संच, आणि संदर्भाला एकच फोल्डर. महिनाभर हत्यारं वाटून घ्या: एकाला जी-निब (शाईत बुडवायचा लवचीक टाक), एकाला दोन नंबरचा सेबल (मऊ केसांचा) ब्रश, एकाला एकाच जाडीचा लायनर पेन, एकाला ब्रशपेन. संदर्भाचा साठा प्रत्येकाचा स्वतःचा हवा आणि तो कॉमिकच्या बाहेरून आलेला असेल तर उत्तम. सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी ते १९३८ मध्ये उभारलं. तिथे वही घेऊन जा आणि एका चित्रात फक्त गडद, मधला आणि उजळ असे तीनच भाग पाडून काडेपेटीएवढी टिपणं करा. नऊवारीच्या चुण्या कुठून निघतात आणि कुठे विरतात ते बघा. वाडा काढायचा असेल तर वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आहे. चौक, ओसरी, जिन्याची उंची आणि माणूस यांचं प्रमाण तिथेच मोजून घ्या.

कागदाची मापं. ए-फाइव्हसाठी छपाईच्या १.३३ पट मोठं काढा. म्हणजे कापायची रेघ १९७ बाय २८० मिलिमीटर. बाहेर चारही बाजूंनी ४ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरलं की २०५ बाय २८८ होतं, ते ए-फोर कागदात मावतं आणि घरच्या साध्या स्कॅनरवर एकदाच स्कॅन होतं. आत चारही बाजूंनी १३ मिलिमीटर सोडून १७१ बाय २५४ ची चौकट आखा. फुगे आणि महत्त्वाचे चेहरे तिच्या बाहेर जाऊ देऊ नका. चौकटींमधली उभी फट ४ मिलिमीटर आणि आडवी ६ ठेवलीत तर डोळा आपोआप आधी आडवा जातो.

छापताना सगळं ७५ टक्के होतं, म्हणजे ०.२ मिलिमीटरची रेघ ०.१५ ची होते. त्याहून बारीक रेघ मधे मधे तुटते. पेनवरच्या आकड्याला फसू नका. पिग्मा मायक्रॉन या लायनरचा ०१ हा ०.२५ मिलिमीटरचा आहे आणि ००५ हा ०.२० चा. इतर काही कंपन्यांच्या ०.१ वर मात्र खरंच बारीक रेघ मिळते, ती या कामाला नको.

शाईचा क्रम: आधी चौकटी आणि फुगे, मग चेहरे आणि हात, मग बाकीची माणसं, मागची जागा, आणि सपाट काळं सगळ्यात शेवटी. फूटपट्टी उलटी, उतरती कड खाली करून धरा, म्हणजे शाई तिच्याखाली ओढली जात नाही. नव्या निबला तेलाचा थर असतो, तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्याशिवाय शाई थेंबाथेंबानं पडते. ब्रशच्या धातूच्या बांगडीपर्यंत शाई चढू देऊ नका, तिथे वाळली की टोक कायमचं फाकतं. काळं भरण्याआधी पान उलटं धरून डोळे किलकिले करा. काळे भाग सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले तर नजर कुठेच थांबणार नाही, दोन-तीन ठिकाणी ते एकत्र करा. आणि या टप्प्यावर शेजाऱ्यांनी फक्त चहा विचारावा. शाई चालू असताना दिलेल्या सूचनेनं एक हात सुधारत नाही आणि पान मात्र दोन मनांचं होतं.

सांगलीच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि रेघेला केस फुटतात, म्हणजे शाई कडेनं पसरते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सपाट ठेवा. शाईवर खोडरबर त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी फिरवा, आणि खोडल्यानंतर फिकं पडलेलं काळं पुन्हा भरा. मूळ पानं खालच्या फळीवर ठेवू नका. २०१९ च्या महापुरात इथे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. झालेलं पान त्याच दिवशी ६०० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा, टिफ ठेवा, आणि प्रत चौघांकडेही जाऊ द्या. फोननं काढलेला फोटो स्कॅनच्या जागी चालत नाही, कडा वाकतात आणि उजेड एका बाजूला साचतो.

लेटरिंग, म्हणजे फुग्यांतली अक्षरं, इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं, ते फुकट आहे आणि युनिकोड जोडाक्षरं नीट दाखवतं. कलम हा हातानं लिहिल्यासारखा मुक्त फाँट चालेल. निवडताना ल आणि श मराठी वळणाचे येतात का ते तपासा. जोर द्यायला जाड अक्षर वापरा, तिरकं नको. छापखान्याला पीडीएफ देण्याआधी सगळी अक्षरं आकारांत बदलून टाका, म्हणजे ती फाँटवर अवलंबून राहणार नाहीत. तिकडच्या यंत्रावर जुने श्रीलिपीचे फाँट असतील तर ‘प्रश्न’मधली जोडाक्षरं सुटी व्हायला वेळ लागत नाही. काळा रंग फक्त काळ्या शाईच्याच छपाईच्या प्लेटवर असू द्या, चार रंगांतून बनवलेला नको, नाहीतर बारीक रेघेला रंगीत सावली येते. पानं सुटी, क्रमानं द्या, जोड्या छापखानाच लावेल.

वेळेचा अंदाज असा धरा: शिकणाऱ्या हाताला एका पानाच्या थंबनेलला पाऊण तास, पेन्सिलला पाच-सहा तास, शाईला तेवढेच, लेटरिंगला एक. सहा पानांचे साधारण ऐंशी तास होतात. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज दोन तास दिले तर सहा आठवडे. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात, तुमच्या फाइली त्याआधी पोचल्या पाहिजेत. छापायच्या आधी एका पानाचा नमुना त्याच कागदावर काढून मागा, आणि तो नमुना बारीक रेघा आणि लहान अक्षरं सगळ्यात जास्त असलेल्या पानाचा असू द्या.